पाच वेळा हरलेले लिप्टन

लिप्टन हे नाव आपल्याकडे चहाच्या पुड्यावरून घरोघरी पोहोचले. पण त्या नावाचा गृहस्थ तीस वर्षे एका चषकासाठी झुरला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. थॉमस लिप्टन १८४८ साली ग्लासगोत एका गरीब आयरिश कुटुंबात जन्मले. आईबापांचे लहानसे वाणसामानाचे दुकान होते. १८७१ मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान थाटले आणि १८९० मध्ये सिलोनात चहाचे मळे घेतले.

अमेरिका चषकासाठी त्यांनी 'शॅमरॉक' नावाच्या पाच शिडाच्या नौका बांधविल्या. सुकाणू दुसऱ्यांच्या हाती असे. पैसा आणि हौस मात्र यांची! १८९९, १९०१, १९०३, १९२० आणि १९३०, पाचही वेळा हार. त्यांतली १९२० ची आम्हांला विशेष चटका लावते. पाचांपैकी तीन शर्यती जिंकायच्या होत्या. पहिल्या दोन जिंकल्या आणि पुढच्या तिन्ही गमावल्या.

लिप्टन फ्रीमेसन होते. त्यांचे स्नेही सातवे एडवर्ड युवराज असताना इंग्लंडातील फ्रीमेसनांचे ग्रँड मास्टर होते. परंतु लॉजमधले बंधुत्व समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचले नाही. रॉयल यॉट स्क्वाड्रन या बड्या लोकांच्या नौकामंडळात या दुकानदाराला जागा नव्हती. त्यांची सारी आव्हाने अल्स्टरच्या मंडळातर्फे गेली. १९३० च्या हारीनंतर अमेरिकनांनीच वर्गणी काढून त्यांना सोन्याचा चषक दिला. स्क्वाड्रनने सभासद करून घेतले ते १९३१ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिप्टन वारले.