जपानी मोटारीला 'एमएच ०५' क्रमांक मिळण्यापूर्वी

आंबिवली, मोहने किंवा शहाडच्या रहिवाशाने नवी मोटार घेतली की तिची नोंदणी कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात (आरटीओ) होते आणि तिच्यावर 'एमएच ०५'ने सुरू होणारा क्रमांक चढतो. हे काम बहुधा विक्रेताच उरकून देतो. मोटार थेट जपानमधून आणायची असेल, तर मात्र तिचे भवितव्य कल्याणला नव्हे, मुंबईच्या बंदरातच ठरते. तेथे जी मोटार कायदेशीररीत्या सुटत नाही, तिला पुढे कोणत्याही आरटीओचा क्रमांक मिळाला तरी ती बेकायदाच राहते. आयात मोटारींच्या व्यवहारात ग्राहक अडकतो तो नेमका याच ठिकाणी.

अर्ध्या अटी आपोआप पूर्ण

अमेरिका किंवा युरोपच्या बहुतांश देशांतील मोटारींच्या तुलनेत जपानी मोटार भारतीय रस्त्याला जवळची असते. जपानमध्येही वाहतूक डाव्या बाजूनेच चालते. त्यामुळे चालकाचे चाक उजवीकडे हवे, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा आणि पुढील दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, या जुन्या मोटारींच्या आयातीसाठीच्या तीन अटी तिने जन्मतःच पूर्ण केलेल्या असतात. अडचण उभी राहते ती वय, चाचणी आणि शुल्क या तीन बाबींत.

'नवी' कोणती, 'जुनी' कोणती?

आयातीचे नियम परकीय व्यापार महासंचालनालय ठरवते. या नियमांनुसार आयातीपूर्वी विकली न गेलेली, भाड्याने किंवा उसनी न दिलेली आणि कोणत्याही देशात नोंदणी न झालेली मोटारच 'नवी' ठरते. टोकियोत नोंदणी होऊन जेमतेम काही किलोमीटर चाललेली मोटारही कायद्याच्या दृष्टीने 'जुनी'च असते.

परदेशी वाहनांवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. मात्र भारत जुन्या वाहनांचे कोठार होऊ नये, म्हणून वापरलेल्या मोटारींवर कडक अटी घालण्यात आल्या. अशी मोटार उत्पादनाच्या दिनांकापासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. ती केवळ मुंबई बंदरातूनच आणता येते. आयातीनंतर पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि तोपर्यंत तिच्या देखभालीची सोय देशात असेल, याची हमीही आयातदाराला द्यावी लागते.

यातील तीन वर्षांची अट निर्णायक ठरते. जपानमध्ये नव्या खासगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी, म्हणजे 'शाकेन', तीन वर्षांनी होते आणि त्यानंतर ती दर दोन वर्षांनी करावी लागते. हा खर्च टाळण्यासाठी तेथील अनेक मालक त्याच सुमारास मोटार विकतात. अशा मोटारी लिलावातून श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान आदी देशांत जातात. भारताचे दार मात्र नेमके त्याच वेळी बंद होते. नव्वदच्या दशकातील ज्या जपानी मोटारींचे तरुणांना आकर्षण वाटते, त्या या मार्गाने येऊच शकत नाहीत.

दोनदा तपासणी

तीन वर्षांच्या आतील मोटारीला दोन चाचण्यांतून जावे लागते. पहिली, जहाजावर चढण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून. दुसरी, भारतात उतरल्यावर, पण बंदरातून सुटण्यापूर्वी. ही दुसरी चाचणी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) किंवा अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) यांसारख्या संस्था करतात. मोटार केंद्रीय मोटार वाहन नियमांची पूर्तता करते, हे तेथे सिद्ध व्हावे लागते.

नव्या मोटारीसाठी नियम १२६ नुसार त्या मॉडेलची मान्यता लागते. एकाच मोटारीसाठी ही खर्चिक प्रक्रिया व्यक्तीला परवडणारी नाही. २०१८ मध्ये केंद्राने यात सवलत दिली आणि युरोपीय किंवा जपानी मानकांनुसार बनलेली, उजवीकडे चाक असलेली वाहने वर्षाला २,५०० पर्यंत स्थानिक चाचणीविना आणता येऊ लागली. मात्र ही सवलत उत्पादक कंपनी वा तिच्या अधिकृत प्रतिनिधीसाठी आहे, हौशी ग्राहकासाठी नाही.

मायदेशी परतणाऱ्यांसाठी

परदेशातील वास्तव्य संपवून परतणारे कुटुंब फ्रीज, सोफा आदी वस्तू सामान म्हणून आणू शकते. मोटार मात्र तशी आणता येत नाही, कारण सीमाशुल्क कायदा, १९६२ मधील 'सामाना'च्या व्याख्येतूनच मोटार वाहने वगळली आहेत. परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्यांना, मोटार किमान एक वर्ष त्यांच्या ताब्यात असल्यास, आयात धोरणातील काही अटींतून सूट मिळण्याची तरतूद आहे. शुल्कातून सूट नाही.

शुल्काचा हिशेब

२०२५ च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क १२५ वरून ७० टक्क्यांवर आले. तथापि, त्याबरोबर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागू झाल्याने एकूण भार १३७.५ टक्के एवढाच राहिला. विमा व जहाजभाड्यासह १० लाख रुपये किंमत ठरलेल्या मोटारीवर १३ लाख ७५ हजार रुपये भरावे लागतात. वस्तू व सेवा कर त्यानंतर, या दोन्हींच्या बेरजेवर आकारला जातो. पुढे नोंदणीच्या वेळी महाराष्ट्रात आयात मोटारीवर २० टक्के एकरकमी मोटार वाहन कर लागतो, तो वेगळाच.

कल्याणच्या कार्यालयात

बंदरातून सुटलेल्या मोटारीसाठी नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो. विमा, पत्त्याचा पुरावा आणि इतर नेहमीच्या कागदपत्रांबरोबर नियम ४७ नुसार सीमाशुल्क विभागाचे मंजुरी प्रमाणपत्र आणि परवाना वा बंधपत्र असल्यास तेही जोडावे लागते. मोटार निरीक्षक चॅसिस व इंजिन क्रमांक कागदांशी ताडून पाहतात. जपानच्या देशांतर्गत बाजारातील मोटारींवर बहुधा सतरा अंकाक्षरी क्रमांक नसतो. मॉडेलचे सांकेतिक अक्षर-अंक, आडवी रेघ आणि अनुक्रमांक अशी त्याची रचना असते. हा क्रमांक सर्व कागदांवर अक्षरशः एकच असणे आवश्यक आहे.

मागील दाराचा धोका

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने 'नुमखोर' मोहिमेत केरळात अनेक आलिशान मोटारी जप्त केल्या. भूतानमार्गे आणलेल्या मोटारी बनावट कागदपत्रांच्या आधारे अन्य राज्यांत नोंदवून विकल्याचा विभागाचा आरोप आहे. त्यांत जपानी लँड क्रूझरचाही समावेश होता. सीमाशुल्क चुकवून आलेला माल कोणाच्याही हाती असला तरी तो जप्त होऊ शकतो. मग पैसे विक्रेत्याकडे राहतात, मोटार गोदामात जाते आणि चौकशीला खरेदीदार सामोरा जातो.

दुसरी पळवाट म्हणजे जुन्या भारतीय नोंदणीवर परदेशी मोटारीचे सुटे भाग किंवा सांगाडा बसविणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे.

विकत घेण्यापूर्वी पाहावे

* सीमाशुल्क विभागाकडे दाखल झालेले 'बिल ऑफ एंट्री' आणि शुल्क भरल्याची पावती. छायाप्रतीवर विसंबू नये.
* उत्पादनाचा महिना व वर्ष आणि बंदरात उतरल्याचा दिनांक यांतील अंतर.
* जपानमधील नोंदणी निर्यातीसाठी रद्द केल्याचा दाखला.
* आयातदारावर विक्रीचे बंधन असल्यास त्याची मुदत संपली आहे काय.
* मोटार परराज्यातील असल्यास मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र. बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्यास नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे.

यांपैकी एखादा कागद 'नंतर देतो' असे विक्रेता म्हणत असेल, तर मोटारीवरील क्रमांक कितीही खरा दिसला तरी व्यवहार थांबविणेच श्रेयस्कर. क्रमांकाची पाटी मोटार कोठे नोंदली एवढेच सांगते. ती देशात कशी आली, हे केवळ बंदरातील कागदच सांगतात.