सायकलची चेन पडते, गिअर अडकतो? स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी हे तपासा

गिअरची सायकल बिघडली की बहुतेक जण यूट्यूबवर एखादा व्हिडिओ बघतात, मागच्या डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू शोधतात आणि ते फिरवायला लागतात. माझ्या मते घरच्या घरी सायकल जास्त बिघडते ती इथेच. काल नीट चालणारी सायकल आज कुरकुर करत असेल, तर ते स्क्रू रात्रीतून आपोआप फिरलेले नसतात. बदललेलं असतं दुसरंच काहीतरी. म्हणून हा लेख थोडा उलट क्रमाने लिहिलाय : स्क्रू सगळ्यात शेवटी.

मी रोज ऑफिसला सायकलने जातो आणि दिवसभर कोडमधले बग शोधतो. दोन्हीकडे नियम एकच लागतो : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत तपासायचं.

इथली उदाहरणं आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या २१ गिअरच्या सायकलची आहेत, म्हणजे पुढे ३ आणि मागे ७ चक्रं. जास्त गिअरची सायकल असेल तरी तत्त्व तेच.

डिरेलर नेमकं करतं काय?

मागचं डिरेलर चेनला आडवं ढकलून एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतं. मोठ्या चक्राकडे केबल ओढते, छोट्या चक्राकडे आतली स्प्रिंग. १९८४ मध्ये शिमानोने ‘ड्युरा-एस’ या गिअरसंचात ‘इंडेक्स’ पद्धत आणली. तेव्हापासून शिफ्टरचा एक ‘टक’ म्हणजे केबलची ठरावीक लांबी आणि चेनची एक पायरी, हे गणित रूढ झालं. त्याआधी चालवणारा अंदाजाने दांडी सरकवून गिअर जुळवायचा. आता अंदाज लागत नाही, पण केबल जराशी सैल झाली की सगळे गिअर एकदम चुकतात. नवी सायकल महिन्याभरात गिअर चुकवायला लागली तर ती सदोष आहे असं लगेच समजू नका. नव्या केबलचं वेष्टण दाबलं जाऊन जागेवर बसतं आणि ताण कमी होतो, एवढंच.

आधी मागून एक फोटो काढा

डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीने जोडलेलं असतं तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या बाजूला पडली, पार्किंगमध्ये कुणाची स्कूटर टेकली किंवा टेम्पोत आडवी टाकून आणली की ही पट्टी आत वाकते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. फ्रेम वाचावी म्हणून मार तिने खायचा.

चेन मधल्या चक्रावर ठेवा. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा, सायकलच्या बरोबर मागे चाकाच्या मध्याच्या उंचीवर फोन धरा आणि फोटो घ्या. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या चक्राच्या रेषेत, सरळ खाली दिसायला हवीत. खालचं टोक स्पोकच्या दिशेने कललेलं असेल तर हँगर वाकलाय, आणि मग कितीही स्क्रू फिरवले तरी गिअर बसणार नाहीत.

हे हसण्यावारी नेऊ नका. वाकलेल्या हँगरवर सगळ्यात मोठं चक्र लावलं, की डिरेलर फिरत्या स्पोकमध्ये अडकू शकतं. मग डिरेलर, स्पोक, कधी कधी फ्रेमसुद्धा जाते, आणि मागचं चाक जागीच थांबतं. चढावर असाल तर तुमच्या मागे गाड्या असतात. हँगर सरळ होईपर्यंत मोठ्या चक्राला हात लावू नका. तो पकडीने वाकवत बसायचं नाही, अ‍ॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकवलं की तुटतं. सुटा हँगर असेल तर नवा बसवता येतो, फक्त तो तुमच्या मॉडेलचाच लागतो. खरेदीला जाताना जुना सोबत न्या.

मग चेन मोजा

‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. कड्यांमधल्या पिना झिजतात, प्रत्येक जोडात थोडी जागा होते आणि एकूण चेन लांबते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. त्यामुळे २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात.

मेजरिंग टेप घ्या. टेपचं टोकाचं हूक थोडं हलतं, म्हणून शून्यापासून मोजू नका. १ इंचाची खूण एका पिनेच्या मध्यावर धरा आणि १३ इंचाच्या खुणेजवळ काय आहे ते बघा. पॅडलवर थोडा दाब ठेवून चेन ताठ असू द्या. फोटो काढून झूम केलात तर डोळ्यांपेक्षा नीट कळतं.

पिनेचा मध्य खुणेच्या दीड मिलिमीटर पुढे असेल तर झीज सुमारे अर्धा टक्का. ७ गिअरला अजून थोडं चालेल, पण ११-१२ गिअरच्या सायकलला इथेच चेन बदलतात. फरक ३ मिलिमीटरच्या वर गेला असेल, तर झिजलेल्या चेनने मागचे दातेही खाल्ले असण्याची दाट शक्यता आहे. अशा फ्रीव्हीलवर एकटी नवी चेन टाकली की ती जोर लावल्यावर दात्यांवरून उड्या मारते. म्हणून चेन वेळेत बदलणंच स्वस्त.

खटका किती वेळाने येतो, ते मोजा

मला सगळ्यात उपयोगी वाटणारी युक्ती ही. उभं राहून पॅडल मारताना एक-दोन ठरावीक गिअरमध्येच चेन उडत असेल, तर त्या चक्रांचे दाते झिजलेत. सगळ्या गिअरमध्ये, पण ठरावीक अंतराने खटका येत असेल तर एखादी कडी घट्ट झालीय. समजा पुढच्या चक्राला ४४ दाते आणि चेनला ११० कड्या आहेत. मग तीच कडी दर अडीच पॅडलफेऱ्यांनी परत येते. खटकाही अडीच फेऱ्यांनी येतोय का, मोजा. येत असेल तर पॅडल सावकाश उलटं फिरवा आणि डिरेलरच्या खालच्या छोट्या चाकाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. घट्ट कडी तिथून जाताना डिरेलर टुणकन हलतं. त्या कडीवर तेलाचा थेंब टाका, चेन दोन्ही हातांनी आडवी थोडी हलवा, बहुतेक वेळा मोकळी होते.

आता केबल

मागचं चाक उचलून धरायला कुणाला तरी सांगा, किंवा सीटला दोरी बांधून सायकल टांगा. उलटी करू नका, डावं-उजवं उलटतं आणि गोंधळ होतो. आणि चाक फिरत असताना चेन व चक्राच्या मध्ये बोट कधीही नाही.

चेन सगळ्यात छोट्या चक्रावर आणा, पॅडल फिरवत शिफ्टर एकदाच ‘टक’ करा. चेन दुसऱ्या चक्रावर चढली नाही तर केबल सैल आहे. केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथे हाताने फिरणारी गोल नळी असते. सायकलच्या मागे उभं राहून ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा आणि पुन्हा बघा. चेन दुसऱ्यावर चढून तिसऱ्याला घासत असेल तर पाव फेरी सुलट. काही सायकलींना ही नळी डिरेलरऐवजी हँडलवर शिफ्टरजवळ असते.

मोठ्या चक्राकडे छान जाते, पण परत येताना अडखळते? मग ताण फिरवून उपयोग नाही. परत आणणारी फक्त स्प्रिंग असते, आणि केबल वेष्टणात गंजून घासत असेल तर तिचा जोर पुरत नाही. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. केबल आणि वेष्टण दोन्ही बदला.

पुढे मोठं आणि मागेही मोठं, किंवा दोन्हीकडे छोटं चक्र लावल्यावर येणारा घासण्याचा आवाज हा बिघाड नाही. चेन तिरकी होते, म्हणून ती जोडी टाळा.

आणि ते दोन स्क्रू

‘एच’ स्क्रू छोट्या चक्राकडची हद्द ठरवतो, ‘एल’ मोठ्याकडची. मधल्या गिअरशी त्यांचा काही संबंध नाही. चेन छोट्या चक्रावरून फ्रेमच्या बाजूला पडत असेल तर ‘एच’ पाव फेरी आवळा. मोठ्यावरून स्पोककडे पडत असेल तर ‘एल’ आवळा, पण आधी हँगरचा फोटो पुन्हा बघा.

तेलाचं

खोबरेल तेल नको. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, म्हणजे थंडीतल्या सकाळी चेनवर मेण. गाडीचं जुनं इंजिन ऑइल काळं आणि कचऱ्याने भरलेलं असतं. डब्ल्यूडी-४० घाण सोडवायला चांगलं, पण वंगण म्हणून टिकत नाही. चेनचं तेल आणा, नसेल तर तात्पुरतं शिलाई मशीनचं चालेल. चेन फडक्याने पुसा, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाका, पॅडल मागे फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तीच पिना घासते. डिस्क ब्रेक असेल तर चकतीवर कापड झाका, तेलाचा एक थेंबही ब्रेक निकामी करायला पुरतो.