बास गिटार : दुरुस्तीच्या खुणा आणि वाद्याचा इतिहास

वाद्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा दोन गोष्टींवर खिळलेली असते : वाद्य प्रथम कोणी घडवले आणि ते सर्वांत उत्तम कोणी वाजवले. या दोहोंच्या मध्ये तिसरा एक माणूस असतो, तो म्हणजे दुरुस्ती करणारा. सैल झालेली खुंटी बसवणे, वाकलेली दांडी सरळ करणे, झिजलेले पडदे घासणे ही त्याची कामे. इतिहासग्रंथांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. बास गिटार या वाद्याच्या बाबतीत मात्र हा माणूस वगळला तर इतिहासच उभा राहत नाही. हे वाद्य ज्याने सर्वत्र पोचवले तो स्वतः दुरुस्तीचा धंदा करणारा होता. त्याची घडण दुरुस्तीच्या सोयीने ठरली, आणि त्याच्या नादातील पुढील महत्त्वाचे फेरबदलही कारखान्याबाहेर, वादकांच्या हातून झाले. या विधानाचा पडताळा घेणे आणि त्यावरून जुन्या वाद्यांच्या अस्सलपणाविषयी काय निष्पन्न होते हे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. अडचणीचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील नृत्यवृंदांत आणि जॅझ वृंदांत खर्जाचे काम डबल बास या वाद्याकडे असे. व्हायोलिनसारख्या आकाराचे, माणसाच्या उंचीचे आणि उभ्याने वाजवायचे हे वाद्य. त्याच्या चार तारांपैकी सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. इतका खालचा स्वर दूरवर ऐकू जाण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणूनच त्याची पेटी एवढी प्रचंड असते. तरीही ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ढोल यांच्या गर्दीत तिचा आवाज बुडून जाई. १९३० नंतर गिटारला विजेची जोड मिळाली आणि ही तफावत अधिकच वाढली.

दुसरी अडचण वाहतुकीची. एका मोटारीत चार वादक बसू शकत. पण डबल बास आत आला की त्यात त्याच्या वादकाखेरीज दुसऱ्याला जागा उरत नसे. सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांनी खर्जाचे लहान विद्युत्‌ वाद्य करण्याचा विचार केला तो एकट्याने प्रवास करणाऱ्या अशा वादकांची कणव येऊन, अशी आठवण त्यांच्या मुलाने पुढे सांगितली आहे. १९३६ च्या सुमारास त्यांच्या 'ऑडिओव्हॉक्स' या कारखान्यातून '७३६' क्रमांकाचे वाद्य बाहेर पडले. त्याचे धड भरीव लाकडाचे होते, दांडीवर पडदे होते आणि ते गिटारसारखे आडवे धरून वाजवायचे होते. आज ज्यास बास गिटार म्हणतात त्याची सर्व प्रमुख लक्षणे या वाद्यात सापडतात.

असे असूनही ते रुजले नाही, आणि त्याचे अगदी मोजके नमुने आज शिल्लक आहेत. याचे एक कारण ध्वनिवर्धकात शोधावे लागते. त्या काळातील ध्वनिवर्धक असे खालचे स्वर जोराने सोसू शकत नसत. कर्ण्याचा कागदी शंकू फडफडे किंवा फाटे. शिवाय मोठ्या वृंदांच्या त्या काळात डबल बासची जागा अद्याप पक्की होती. शोध लागला होता. त्याला पेलणारी परिस्थिती मात्र अद्याप तयार व्हायची होती.

२. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे वाद्य

लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ सालचा. शिक्षण हिशेबनिसीचे. १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. तेथे वादक आपापले ध्वनिवर्धक आणि पिकप दुरुस्तीस आणू लागले, आणि त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता फेंडर वाद्यनिर्मितीकडे वळले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाद्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी वादकाची किंवा परंपरागत वाद्यकाराची नव्हती. उघडलेल्या यंत्राकडे पाहणाऱ्या कारागिराची होती.

१९५१ च्या अखेरीस त्यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. परंपरागत गिटारीत दांडी धडाला सरसाने कायमची जोडलेली असते. ती मोडली तर कुशल कारागिराखेरीज इलाज नसतो. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी आवळली. दांडी बिघडली तर ती काढून दुसरी बसवावी. तिचा कोन चुकला तर सांध्यात जाड कागदाची पट्टी सारावी. पिकप, बटणे आणि तारजोडणी एका पत्र्याखाली ठेवलेली असल्याने डाग देण्याचे काम कोणाही रेडिओ-कारागिरास करता येई. धड भरीव असल्यामुळे पोकळ पेटीचे वाद्य ध्वनिवर्धकाजवळ आणले असता जो घोंघावणारा आवाज उठतो, त्याचाही उपद्रव पुष्कळ कमी झाला. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, पंधरा इंची कर्ण्याचा 'बासमन' हा ध्वनिवर्धक आला. टटमार्क यांच्या वाद्याला जी साथ मिळाली नव्हती ती या वाद्याला मिळाली.

ही घडण सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र नव्हे. चार तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या वर जातो. त्याखाली दांडी पुढे वाकू नये म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई घालतात. आरंभीच्या फेंडर वाद्यांत ही सळई फिरवण्याची जागा दांडीच्या धडाकडील टोकाला होती. हवेतील दमटपणा बदलून दांडी हलली की तारा सैल कराव्या, दांडी सोडवावी, सळई किंचित फिरवावी, सर्व पुन्हा आवळून स्वरात मिळवावे आणि मग फरक पाहावा. तो पुरेसा नसेल तर सारे पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्तीसाठी घडवलेल्या वाद्यातही दुरुस्ती अशी चिकाटीची परीक्षा पाहणारी होती.

३. नावांची साक्ष

वाद्याच्या नावांत त्याचा सामाजिक इतिहास साठलेला असतो. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकपणा. डबल बासच्या दांडीवर पडदे नसतात. स्वराची जागा वादकाने कानाने आणि सरावाने शोधायची. नव्या वाद्यावर पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागे. हे आश्वासन मुरलेल्या बासवादकापेक्षा आयत्या वेळी खर्ज वाजवण्याची पाळी आलेल्या गिटारवादकाला उद्देशून होते. युद्धोत्तर काळात वृंद लहान होत गेले आणि एका वादकाने दोन वाद्ये सांभाळण्याची गरज वाढली, ती या एका शब्दात उमटली आहे.

'अँपेग' या ध्वनिवर्धक-कंपनीचे नाव असेच बोलके आहे. डबल बास जमिनीवर ज्या खुंटावर टेकतो त्यात पिकप बसवण्याची युक्ती हा तिचा पहिला व्यवसाय. 'अँप्लिफाइड पेग', म्हणजे आवाज वाढवणारा खुंट, याचे ते आकुंचित रूप. जुने वाद्य टिकवून त्याचीच डागडुजी करण्याचा दुसरा मार्ग त्या काळी खुला होता, याची ही शब्दरूप नोंद होय.

पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत कोणत्याही कारखान्याच्या या वाद्याला 'फेंडर बास' म्हणण्याची वहिवाट पडली. मराठीत वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणण्याची जी प्रवृत्ती, तीच येथे दिसते. पुढे 'इलेक्ट्रिक बास' आणि 'बास गिटार' अशी दोन नावे राहिली. पहिल्या नावात हे वाद्य डबल बासचा वारस ठरते, दुसऱ्यात गिटारचे भावंड. मराठीने दुसरे नाव उचलले. हा भेद केवळ शाब्दिक नाही. वृंदातील या वादकाचे स्थान काय, याविषयीचा मतभेद त्यामागे आहे.

४. वृंदातील स्थान

हे स्थान आरंभापासूनच अवघडलेले होते. १९५२ साली 'डाउन बीट' या जॅझविषयक नियतकालिकाने लायनेल हॅम्प्टन यांच्या वृंदातील या नव्या वाद्याची कुतूहलाने नोंद घेतली. त्याच वृंदात पुढे हे वाद्य हाती घेणारे मंक माँगमरी मुळात डबल बास वाजवीत. डबल बासवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हा बदल सोपा नव्हता. १९५७ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांच्या एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांचे बासवादक बिल ब्लॅक यांना नव्या वाद्यावर आरंभीचा भाग साधेना. त्यांनी वैतागून वाद्य खाली टाकले आणि तो भाग प्रेस्ली यांनी स्वतः वाजवला, असे सांगितले जाते. उलट दिशेने आलेल्या कॅरल के या मुळात गिटारवादक. १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आलाच नाही. ती जागा त्यांनी भरली, आणि त्या तेथील अत्यंत मागणी असलेल्या बासवादक झाल्या. पहिल्या उदाहरणात जुन्या हाताला नवे वाद्य परके वाटले, दुसऱ्यात गिटारच्या हाताला ते सहज वश झाले. 'प्रिसिजन' या नावातील आश्वासन कोणासाठी होते, हे यावरून स्पष्ट होते.

खर्जाच्या वादकाची आणखी एक अडचण अशी की, त्याचे काम उत्तम झाले तर ते ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ते चुकले की मात्र सर्वांना जाणवते. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) हे याचे ठळक उदाहरण. साठीच्या दशकातील त्या कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गीतांचा खर्ज त्यांचा. पण वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची तेथे रीत नव्हती. १९७१ मधील मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या ध्वनिमुद्रिकेवर ती प्रथम आली.

जेमर्सन यांच्या १९६२ सालच्या प्रिसिजन बासविषयी सांगितले जाते की, तार तुटल्याखेरीज त्यांनी ती बदलली नाही. तारा दांडीपासून बऱ्याच उंच होत्या आणि घोडीवरील झाकणाखालचा स्पंजाचा तुकडा नाद आवरून धरी. बहुतेक कारागिरांनी असे वाद्य तातडीने दुरुस्तीला घेतले असते. पण त्यांचा भरीव, आखूड, किंचित धूसर स्वर याच अवस्थेतून निघत होता. दुरुस्ती करणे हा जसा निर्णय असतो तसाच ती न करणे हाही असतो, आणि इतिहासकाराने दोहोंची नोंद घेतली पाहिजे. हे वाद्य १९८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी, चोरीस गेले. त्यावरील खुणा आता कोणालाही वाचता येणार नाहीत.

५. बिघाड की गुण

तार पडद्याला घासून झणझणू लागली की बास गिटारच्या कारागिराच्या लेखी तो दोष. तो पडदे समपातळीवर घासतो, घोडी उचलतो, दांडीचा बाक सुधारतो. मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर मात्र घोडीची पाठ हलक्या हाताने घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी तीच घासट साधतो, आणि तिला जवारी म्हणतो. भौतिक घटना दोन्हीकडे सजातीय. एकीकडे तिला बिघाड म्हणतात, दुसरीकडे तंबोऱ्याचा प्राण. कोणता आवाज बिघाडाचा, हे वाद्य सांगत नाही, परंपरा सांगते.

म्हणूनच बास गिटारच्या इतिहासात दुरुस्तीतून नवी परंपरा निघालेली दिसते. १९६१ मध्ये लंडनचे बिल वायमन यांनी एका स्वस्त बास गिटारचे पडदे नवे बसवण्याच्या उद्देशाने काढले. पण त्यावाचून निघणारा घसरता स्वर त्यांना आवडला आणि पडदे तसेच राहून गेले. अमेरिकेचे जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) यांच्या १९६२ सालच्या जॅझ बासचेही पडदे निघाले. खाचा बुजवून दांडीवर नावांसाठी वापरला जाणारा एपॉक्सीचा कठीण लेप दिला गेला. पडदे त्यांनी स्वतः काढले की वाद्य तसेच मिळाले, याविषयी वेगवेगळ्या आठवणी आहेत. १९७६ मधील त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने गाणारा खर्ज जगापुढे आणला. ज्या पडद्यांवरून फेंडर यांनी आपल्या वाद्याचे नाव ठेवले होते, तेच पडदे काढून हा पल्ला गाठला गेला.

या वाद्याचे पुढे तुकडे झाले. कारागिरांनी ते एकेक जुळवून पुन्हा उभे केले. १९८६ मध्ये ते न्यूयॉर्कमधून चोरीस गेले आणि सुमारे वीस वर्षांनी पुन्हा प्रकाशात आले. एकाच कारखान्यातून निघालेल्या एकसारख्या वाद्यांत ते ओळखायचे तर जोडकामाच्या सांध्यांइतका भरवशाचा पुरावा दुसरा कोणता असणार?

६. निष्कर्ष

आज जुन्या बास गिटारांचा मोठा बाजार आहे आणि त्यात 'अस्सल' वाद्याला, म्हणजे ज्यात कारखान्यानंतर काहीच बदलले नाही अशा वाद्याला, सर्वाधिक किंमत येते. नव्याने दिलेला डाग, बदललेला पिकप, घासलेले पडदे यांनी किंमत उतरते. परिणामी, बदललेले भाग काढून वाद्य मूळ अवस्थेला नेण्याकडे विक्रेत्यांचा कल असतो. इतिहासाच्या दृष्टीने ही हानी आहे. जे वाद्य कधीच उघडले गेले नाही ते पुष्कळदा फारसे वाजवलेही गेलेले नसते. त्यावरून कारखान्याचा इतिहास कळेल, संगीताचा कळणार नाही.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रश्न परिचित आहे. फेंडरच्या कारागिरांनी दांडीच्या टोकावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख ही पोथीच्या पुष्पिकेसारखी आहे. सांध्यातली कागदाची पट्टी आणि दुबार डाग हे समासातील शोधांसारखे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संहिता निश्चित करताना पाठभेद टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत जपले. संपादकाने मूळ पाठ शोधावा, पण पाठभेद पुसू नयेत, हा तेथील दंडक होय. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून इतकीच अपेक्षा करता येईल : त्याने वाद्य वाजते करावे, कारण न वाजणारे वाद्य हे अर्धेच वाद्य, पण काढलेला भाग जपून ठेवावा, आणि काय काढले, का काढले, हे लिहून ठेवावे. ज्या वादकांची नावे वेष्टनावर छापली गेली नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाताची साक्ष आता केवळ अशा खुणांतच उरली आहे.