जमिनीचे पूर्वचरित्र

जमीन विकत घेताना आपण काय पाहतो? सातबारा पाहतो, बोजा पाहतो, हद्दीचे दगड पाहतो. विकणाऱ्याचा हक्क खरा ठरला की आपले समाधान होते. त्या जमिनीच्या पोटात काय आहे, हे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न जग कसे विचारू लागले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेत नायगारा धबधब्याशेजारी त्याच नावाचे शहर आहे. तेथे १८९० नंतरच्या दशकात विल्यम लव्ह या गृहस्थाने विजेसाठी कालवा खणावयास घेतला. पैसा आटला आणि कालवा अर्धाच राहिला. पुढे १९४२ पासून हूकर नावाच्या रासायनिक कंपनीने त्या खड्ड्यात आपला टाकाऊ माल पुरला, तो २१,००० टनांहून अधिक. १९५३ साली खड्डा झाकून तिने ती जागा शहराच्या शाळा-मंडळाला अवघ्या १ डॉलरला दिली. आत रासायनिक कचरा आहे, आणि पुढे कोणास इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असे खरेदीखतातच लिहिले होते. मंडळाने सही केली आणि तेथे शाळा बांधली. भोवती घरे उठली. ती घेणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना खाली काय पुरले आहे हे कोणीच सांगितले नाही.

कागद बोलला होता, परंतु तो दप्तरात राहिला. विष मात्र तळघरांत झिरपले. लोइस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्याच शाळेत होता. तो आजारी पडला तेव्हा ही बाई दारोदार सह्या घेत हिंडली. संघटना कशी बांधावी हे तिला कोणी शिकविले नव्हते. आमच्यासारख्यांना तिच्याविषयी आपुलकी वाटते ती यासाठी. ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद झाली आणि दोनशेंहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली.

डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेने कायदा केला. दूषित जमीन स्वच्छ करण्याचा खर्च विष टाकणाऱ्यावर तर पडेच, पण आजच्या मालकावरही पडू शके. १९८६ च्या दुरुस्तीने सवलत दिली ती अशी: खरेदीपूर्वी योग्य ती सर्व चौकशी करूनही ज्याला दोष कळला नाही, त्याने बचाव मांडावा. मग बँका आणि व्यापारी जागे झाले. १९९३ साली या चौकशीची प्रमाण पद्धतही छापली गेली.

ही पद्धत पाहिली की मौज वाटते. पहिल्या पायरीवर कोणी कुदळ मारीत नाही. जुनी खरेदीखते, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे तपासतात. टाकी कोठे होती, रंगखाते कोठे होते, ते त्यांवरून कळते. जागा पायी फिरून पाहतात. जुन्या मालकांना आणि तेथे वावरलेल्या माणसांना विचारतात. संशय आला तरच दुसऱ्या पायरीवर माती आणि भूजल प्रयोगशाळेत जाते. म्हणजे पहिले काम इतिहासकाराचे आहे!

आमच्याकडे एका बंद कारखान्याच्या विक्रीच्या वेळी मी हजर होतो. घेणाऱ्यांनी जमीन मोजली, यंत्रे मोजली, भंगाराचे वजन केले. मुलामा खात्यात अठ्ठावीस वर्षे राबलेला एक कामगार फाटकाशी उभा होता. हौदातले पाणी कोणत्या खड्ड्यात सोडीत, हे त्याला ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नाही. आम्ही संघटनेचे लोकही थकलेल्या पगाराच्या हिशेबात गुंतलो होतो. आम्हीही विचारले नाही. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि त्या जमिनीचे पूर्वचरित्र त्याच्याबरोबर गेले.

भारत सरकारने २०२५ साली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, हे चांगलेच झाले. पण नियमाला साक्षीदार लागतो. म्हणून माझी एकच विनंती आहे. आपल्या गावातला कारखाना बंद पडेल, त्या दिवशी थकलेल्या देण्यांच्या यादीबरोबर आणखी एक यादी करा: कोठे काय साठविले, कोठे काय सांडले, कोठे काय पुरले. ती कामगारांच्या सह्यांनिशी नगरपालिकेत द्या आणि पोच घ्या. उद्या तेथे शाळा उठेल. ती मुले आपलीच असतील.