42.34 मीटर

माधवनगरात बसून तुम्ही घरी जुळवलेला सेट आधी डमी लोडवर तपासता, लो-पास फिल्टर लावता आणि मग 40 मीटरच्या बँडवर हाक देता. त्या बँडची ही गोष्ट.

1939 साली महायुद्ध पेटलं आणि सरकारनं हॅम मंडळींना ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला लावले. मुंबईचे नरिमन प्रिंटर त्यांतलेच एक. ‘छोडो भारत’च्या वेळी काँग्रेस रेडिओचा ट्रान्समीटर जुळवला तो त्यांनीच. 27 ऑगस्ट 1942 ला त्यावरून उषा मेहतांचा आवाज गेला, 42.34 मीटरवर. आता 300 ला 42.34 नं भागा. साधारण 7.09 मेगाहर्ट्झ, म्हणजे चक्क हॅमचाच बँड! मला यात नवल वाटत नाही. हात सवयीचीच कॉइल गुंडाळतो. शिवाय ही लाट दिवसा आयनोस्फिअरवरून परतून तीनशे किलोमीटर सहज गाठते. मुंबई ते माधवनगर सरळ रेषेत तेवढंच आहे, बरं का.

पोलिसांच्या शोधगाड्या फिरत होत्या, म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलायची. पण 12 नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेख वाडीत छापा पडला तो लाटेचा माग काढून नव्हे. पकडल्या गेलेल्या प्रिंटर यांनीच जागा दाखवली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.