अंगठा आणि हिशेब

दारिद्र्यनिवारणाचा विषय निघाला की, गरिबाला एखादा हुन्नर शिकवावा, ही सूचना प्रथम पुढे येते. तिच्यामागील सद्भाव निर्विवाद आहे. तथापि महाराष्ट्राचा अलीकडचा इतिहास पाहिला, तर हुन्नर गरिबाच्या हाती पुष्कळदा असतोच, असे आढळते. त्याला भांडवलाची आणि हिशेबाची जोड मिळत नाही, म्हणून कष्टांचे चीज होत नाही.

मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या बायांचे उदाहरण घ्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. स्वयंपाकात या बायांना कोणी काय शिकवावे? परंतु कामगाराचा पगार महिन्याने होई आणि धान्य मात्र रोज लागे. मधल्या दिवसांची उसनवारी नफा गिळून टाकी. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान धंद्यांना कर्ज देण्याचे धोरण पुढे आले. तरी या बायांना बँकेची पायरी चढवणारे कोणी तरी हवे होते. ते कार्य प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून केले.

बावीस वर्षांनंतर हाच प्रश्न सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात नव्या रूपाने उभा राहिला. म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई पावसाळ्यापूर्वी छपरावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, म्हणून रोज थोडे पैसे साठवू पाहत होती; पण तिचे खाते उघडायला बँक तयार होईना. तेव्हा चेतना सिन्हा यांनी स्त्रियांची स्वतःची बँक काढण्याचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अनेक प्रवर्तक बायांनी त्यावर अंगठे उठवले होते. बाया साक्षरतेच्या वर्गात बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नव्हे, असे त्यांनी सांगितले. आणि कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढून दाखवण्याची पैज लावली. परवाना मिळाला. १९९७ साली १,३३५ सभासदांच्या ७ लाख ८ हजार रुपयांवर माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढे या बायांनीच धंद्याचे शिक्षण मागितले आणि २००६ साली त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. घरदार सोडून बाईला लांब जाता येत नाही, हे ओळखून पुढच्याच वर्षी ही शाळा बसगाडीतून गावोगाव फिरू लागली. जमाखर्च कसा मांडावा, मालाची किंमत कशी ठरवावी, घरखर्च आणि धंद्याचा पैसा वेगळा कसा ठेवावा, हे तिचे खरे धडे.

शिक्षणाने पाऊस पडत नाही, हेही इतिहासच सांगतो. २०१२ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी दागिने गहाण ठेवायला बाया बँकेत येऊ लागल्या. पैसा मिळेल, पण जनावरांना पाणी कोठून आणणार, हा प्रश्न कर्जाने सुटणारा नव्हता. अखेर म्हसवडला गुरांची छावणी उघडावी लागली. जनावरे वाचली, म्हणून दुधाचा धंदा वाचला. हुन्नर, हिशेब आणि भांडवल यांच्या जोडीला अडल्या वेळेचा आधारही लागतो. या चारांतील एकच गोष्ट देऊन गरिबाला स्वावलंबनाचा उपदेश करणे, म्हणजे बैल नसलेल्याला नांगर देऊन पेरणीची वाट पाहण्यासारखे आहे.