छातीत दुखतंय? ईसीजी स्वच्छ निघाला तरच निर्णय अचूक. पेशंट आणि नातेवाइकांनी काय करायचं, वाचा सविस्तर

छातीवर दाब आल्यासारखं वाटणं, दरदरून घाम फुटणं, जीव घाबरा होणं, डावा हात किंवा जबडा दुखणं अशी लक्षणं घेऊन पेशंट दवाखान्यात आला की अगदी सुरुवातीला होणारी तपासणी म्हणजे ईसीजी. आपल्याकडे कोणी त्याला कार्डिओग्राम म्हणतं, कोणी नुसतंच ‘पट्टी काढली’ म्हणतं. तपासणी काही मिनिटांची असते. सुई टोचत नाहीत, दुखत नाही, शॉकही बसत नाही. पण पेशंटला इथेच इंजेक्शन द्यायचं, जिल्ह्याला पाठवायचं की थोडा वेळ थांबून परत तपासायचं, हे ठरवताना डॉक्टर आधी हाच कागद बघतात. म्हणून तो कागद स्वच्छ निघणं फार महत्त्वाचं. त्यातलं बरंचसं काम सिस्टर आणि टेक्निशियनचं असलं, तरी काही गोष्टी पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या हातात असतात.

एक-दोन मिलिमीटरचा सवाल

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बारीकशी वीज तयार होते. कातडीपर्यंत पोचते तेव्हा तिची ताकद साधारण १ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग असते. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून अंदाज घ्या. मशीन ही एवढीशी वीज पकडतं आणि कागदावर १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची देऊन रेघ काढतं.

हृदयाची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली, तर या रेघेचा एक ठरावीक भाग वर उचललेला दिसतो. तो एक-दोन मिलिमीटर वर दिसला तरी डॉक्टर सावध होतात. आता पेशंट थंडीने कुडकुडत असेल, बोलत असेल किंवा चिमटा सैल असेल, तर तेवढ्यानेही रेघ एक-दोन मिलिमीटर हलते. मग दोन धोके होतात. एक, खरा अटॅक त्या गोंधळात लपून जातो आणि ‘गॅस झालाय’ म्हणून पेशंट घरी येतो. दुसरा, नसलेला अटॅक असल्यासारखा दिसतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जीव वाचवतं, पण त्याने रक्तस्राव होण्याचा, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यामुळे खात्री नसताना ते देता येत नाही.

पोचल्यावर पहिली १० मिनिटं

छातीत दुखणारा पेशंट दवाखान्यात आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघून डॉक्टरांनी तो बघावा, असा डॉक्टरांमध्ये सर्वत्र मान्य असलेला नियम आहे. त्यामुळे केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. दारातच मोठ्याने सांगा, “छातीत दुखतंय, घाम आलाय.” किती वाजता दुखायला लागलं ती वेळ सांगा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आतच देतात आणि जितकं लवकर दिलं तितका फायदा जास्त, म्हणून ही वेळ फार कामाची असते.

साखरेचा आजार असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं, मळमळतं किंवा एकदम थकवा येतो. असं अचानक झालं तर त्यांचाही ईसीजी काढून घ्या. इनो पाजून किंवा छाती चोळून वेळ घालवू नका. शेजारच्यांकडची जिभेखालची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. पेशंटचं बीपी आधीच कमी असेल तर ते आणखी खाली जाऊ शकतं.

एक गोष्ट मात्र वेगळी. पेशंट बेशुद्ध असेल आणि श्वास घेत नसेल तर ईसीजीची वाट बघायची नाही. ताबडतोब १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाब द्यायला सुरुवात करा.

कपडे, घाम, दागिने

ईसीजीसाठी छाती, दोन्ही मनगटं आणि दोन्ही घोटे उघडे लागतात. सदरा किंवा ब्लाउज नुसता वर सरकवून नीट ईसीजी निघत नाही, कारण इलेक्ट्रोड चुकीच्या जागी बसतात.

- घाम आणि चिखल: शेतातून थेट आणलं असेल तर कोरड्या फडक्याने छाती, हात-पाय पुसून द्या. ओल्या अंगावर रबरी फुगे घसरतात आणि स्टिकर सुटतात. तेल, बाम, व्हिक्स चोळलं असेल तर तेही पुसा.
- छातीवरचे केस: दाट असतील तर सिस्टर तेवढ्या जागेचे केस काढतील. काढू द्या.
- मंगळसूत्र, माळ: छातीवरून बाजूला खांद्याकडे घ्या. तेवढं पुरतं.
- बांगड्या, जोडवी, करदोडा: बांगड्या फोडायची किंवा जोडवी काढत बसायची काहीच गरज नाही. बांगड्या आड येत असतील तर चिमटा त्यांच्या वरच्या बाजूला लावता येतो. फक्त दोन्ही हातांना साधारण सारख्याच उंचीवर लावायचा. धातू चिमट्याला टेकत नसला की झालं.
- हात-पाय नसेल किंवा प्लास्टर असेल: उरलेल्या भागावर, तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या बाजूलाही लावतात.

महिलांच्या बाबतीत संकोचामुळे बऱ्याचदा घोटाळा होतो. स्तनाच्या खालच्या बाजूला, बरगड्यांवर इलेक्ट्रोड लावावे लागतात, म्हणून आतले कपडेही काढावे लागतात. सिस्टर असतील तर त्यांनाच काढायला सांगा, पडदा लावून घ्या, अंगावर चादर मागा, घरातली एखादी बाई जवळ थांबू द्या. हा तुमचा हक्क आहे. पण सिस्टर येईपर्यंत तासभर थांबू नका, आणि कपड्यांवरूनच काढा असा आग्रह धरू नका.

इलेक्ट्रोड कुठे लागतात?

पूर्ण ईसीजीला १० इलेक्ट्रोड लागतात. चार हातापायांना आणि सहा छातीवर. त्यांतून हृदयाकडे १२ वेगवेगळ्या बाजूंनी बघता येतं, म्हणून त्याला बारा लीडचा ईसीजी म्हणतात.

छातीवरचे पहिले दोन मधल्या हाडाच्या उजवीकडे आणि डावीकडे, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत लागतात. चौथा त्याच्या खालच्या फटीत, डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली. तिसरा हा दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध. पाचवा आणि सहावा चौथ्याच्याच रेषेत काखेकडे. सिस्टर बोटांनी बरगड्या मोजतात त्या यासाठीच. पहिले दोन वर लागण्याची चूक सगळीकडे होते. त्यामुळे चांगल्या हृदयाच्या पट्टीतही दोष असल्यासारखं दिसू शकतं.

आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला असतो. काही मशीनचे रंग वेगळे असतात, त्यामुळे रंगावरून सिस्टरशी वाद घालू नका. हातांचे चिमटे अदलाबदल झाले तर रेघ काही ठिकाणी उलटी येते. अनुभवी डॉक्टरांच्या ते लक्षात येतं आणि ते पुन्हा काढायला सांगतात.

रबरी फुग्यांमुळे छातीवर गोल लाल डाग उठतात. ते थोड्या वेळाने जातात, घाबरू नका.

मशीन चालू असताना

प्रत्यक्ष नोंद साधारण १० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात पेशंटने हे पाळायचं:

- हात अंगाच्या बाजूला सैल सोडायचे. मूठ आवळायची नाही, मान उचलून बघायचं नाही.
- बोलायचं नाही. शांत, नेहमीसारखा श्वास घ्यायचा.
- थंडी वाजत असेल तर आधी पांघरूण मागायचं. कुडकुडणाऱ्या स्नायूंचीही वीज असते आणि मशीन तीही पकडतं.
- दम लागल्यामुळे आडवं होता येत नसेल तर तसं सांगायचं. अर्धवट बसवूनही ईसीजी काढता येतो, फक्त कागदावर तशी नोंद करायची.

नातेवाइकांनी पेशंटचा हात धरून बसू नये, खाटेला टेकू नये. धीर द्यायचा तो तोंडाने, तोही रेकॉर्डिंगच्या आधी. मोबाइल आणि चार्जर खाटेवरून बाजूला ठेवा. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते. तिची बाधा आली की रेघ जाड, दाट दातऱ्यांची दिसते. अशा वेळी मशीन प्लगमधून काढून बॅटरीवर चालवलं तर बऱ्याचदा फरक पडतो.

पट्टी हातात आली की काय बघाल?

ईसीजी वाचणं डॉक्टरांचं काम. पण पट्टी स्वच्छ आहे का, हे कोणालाही बघता येतं. रेघ बारीक आणि स्पष्ट असावी. ती डोंगर-दरीसारखी वरखाली भटकू नये. मध्येच तुटू नये, केसाळ दिसू नये. कागदावर पेशंटचं नाव, वय, तारीख आणि वेळ असावी. गर्दीत दोन पेशंटच्या पट्ट्या बदलू शकतात, म्हणून नाव तिथल्या तिथे लिहून घ्या. शंका आली तर सरळ विचारा, “सिस्टर, रेघ हलल्यासारखी दिसतेय, परत एकदा काढता का?” यात कोणाचा अपमान नाही.

१०८ मध्ये काय होतं?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. रुग्णवाहिकेतल्या मॉनिटरवर पळणारी हिरवी रेघ म्हणजे पूर्ण ईसीजी नव्हे. तीन-चार इलेक्ट्रोडच्या त्या रेघेवरून ठोके किती आणि नियमित आहेत का, हे कळतं. अटॅक ओळखायला बारा लीडचाच ईसीजी लागतो. हातातल्या स्मार्ट घड्याळाचंही तसंच. त्यावर ‘नॉर्मल’ आलं म्हणून घरी थांबू नका.

खड्ड्यांच्या रस्त्यावर चालत्या गाडीत स्वच्छ ईसीजी निघणं अवघड असतं. डॉक्टरांनी त्यासाठी गाडी मिनिटभर कडेला घेतली, तर “गाडी का थांबवली?” म्हणून आरडाओरडा करू नका. तो मिनिट वाया जात नाही. पुढच्या दवाखान्याला आधीच कळवता येतं.

पहिला ईसीजी नॉर्मल आला तर?

अटॅक सुरू असूनही पहिली पट्टी नॉर्मल येऊ शकते. त्यामुळे दुखणं थांबलं नसेल तर डॉक्टर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढतात, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात. कधी छातीच्या उजव्या बाजूला किंवा पाठीवरही इलेक्ट्रोड लावतात, कारण हृदयाचा तो भाग नेहमीच्या पट्टीत नीट दिसत नाही. ‘परत परत काढून बिल वाढवतात’ असा समज करून घेऊ नका. राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दुखत असताना ‘एकदा नॉर्मल आलाय’ म्हणून सही करून पेशंटला घरी नेणं धोक्याचं आहे.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना

दूरवरच्या तज्ज्ञाला ईसीजी पाठवण्याची कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. ईसीजीचं यंत्र घडवणारे नेदरलँड्सचे डॉ. विलेम आइंटहोवन यांच्या काळात पेशंटला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावं लागे. यंत्र अवजड होतं, दवाखान्यात नेता येत नव्हतं. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटर दूरच्या दवाखान्यातून टेलिफोनच्या तारेवरून पेशंटचा ईसीजी आपल्या प्रयोगशाळेत घेतला. १९२४ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

आज हे काम मोबाइल करतो, पण फोटो नीट हवा. कागद सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका, सरळ वरून पूर्ण पानाचा फोटो घ्या. कडा कापू नका, कारण नाव आणि वेळ तिथेच असते. सोबत पेशंटचं वय, दुखणं कधी सुरू झालं, बीपी-शुगर आहे का आणि चालू गोळ्या लिहा. शक्यतो डॉक्टरांनाच पाठवा, गावच्या ग्रुपवर टाकू नका.

जुनी पट्टी जपा

काहींच्या ईसीजीत वर्षानुवर्षं थोडा फरक असतोच. जुनी पट्टी सोबत असेल तर आजचा बदल नवा की जुना, हे डॉक्टरांना लगेच कळतं. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो. ऊन, गरमी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तो पुसट होत जातो. लॅमिनेशन केलं तर काळा पडतो. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बीपी, शुगर किंवा आधी हृदयाचा त्रास असलेल्यांच्या घरी ही झेरॉक्स आधार कार्डासारखी हाताशी असावी, म्हणजे रात्री-अपरात्री निघताना शोधाशोध होणार नाही.